करंगळीतला वायसर

मिस्त्रीची एक जुनी खोड होती. नवा वायसर, म्हणजे बोल्टाखालची भोकाची चकती, हाती आला की तो करंगळीत घालायचा. टेबलावरची वस्तू घरंगळते, खिशातली विसरते, बोटातली कुठे जाणार, हे त्याचं शास्त्र. पंचवीस वर्षांत त्या शास्त्रानं दगा दिला नव्हता. पण माणूस ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतो, देव कधीतरी नेमकी तीच उशी काढून बघतो.

गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई नर्स होती. डोंगरावरच्या वस्त्यांमधल्या बाळंतिणींकडे हीच एकोणीस वर्षांची गाडी घेऊन जायची. आता स्टेअरिंग जड झालं होतं आणि खाली लाल तेल ठिबकत होतं. पॉवर स्टेअरिंगचे दोन्ही पाईप चिरले होते. एक पंपाकडून दाबानं तेल नेणारा, दुसरा तेच तेल टाकीत परत आणणारा.

"गाडीला पण सांधेदुखी झालीय," ताई म्हणाली होती.

"मालकिणीवर गेलीय."

दुपारपर्यंत परतीचा पाईप बसला. दाबाच्या पाईपाचा पंपाकडचा शेवटचा सांधा तेवढा राहिला होता. तिथे बोल्ट पाईपाच्या टोकाच्या गोल डोळ्यातून आरपार जातो आणि तेल झिरपू नये म्हणून डोळ्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचा एकेक वायसर लागतो. मिस्त्रीनं करंगळीतला एक काढून बसवला. दुसरा काढणार, तोच ताई फोन कानाला लावून दारात आली.

"पहिलटकरीण आहे, कळा सुरू झाल्यात. तिला खाली हॉस्पिटलात आणायला हवं. किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"तुझी की घड्याळाची?"

टोमणा बरोबर लागला. मिस्त्रीनं बोल्ट आवळला, तेल भरलं, इंजिन चालू करून चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, खाली वाकून पाहिलं. कोरडं. ताई गेली. त्यानं फाटकातून हात हलवला आणि मग हात धुवायला घेतले.

साबणाच्या काळ्या फेसातून करंगळी बाहेर आली, आणि तिच्यावर तांबं चमकलं.

दुसरा वायसर बोटातच राहिला होता. उभ्या गाडीत तो सांधा घटकाभर तग धरेल. चढावर, वळणावळणाला जोर पडला की तेल उडणार. ते तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर धूर, नाहीतर आग. आणि ऐन वळणात स्टेअरिंग दगडासारखं होणार. त्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचललास तर तुझ्या गाडीला हात लावणार नाही, असं त्यानंच तिला बजावलं होतं. आज आपलंच शहाणपण आपल्याला नडलं.

पाना आणि तेलाची बाटली घेऊन तो स्कूटरवर बसला. प्रत्येक वळणावर आधी कठड्याकडे बघायचा, मोडलाय का, मग रस्त्याकडे. पहिलं वळण कोरडं. दुसरंही. तिसऱ्यावर एक लाल ठिपका, चौथ्यावर ओळीनं चार.

"देवा," तो पुटपुटत होता, "चूक माझ्या हातची आहे, माझ्याच पदरात घाल. तिच्या नको."

पाचव्या वळणापलीकडे गाडी कडेला उभी होती, बॉनेट वर. ताई दगडावर बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी.

मिस्त्री स्कूटर लावून धावत आला.

"हात दाखव," ताई म्हणाली. त्यानं दाखवला. "वाटलंच. फाटकात काहीतरी चमकलं. म्हटलं, भावानं अंगठी केली आणि बहिणीला पत्ता नाही. इथे स्टेअरिंग गुरगुरलं, तेव्हा कळलं अंगठी कुणाच्या हक्काची. इथे रेंज नाही, म्हणून बसले तुझी वाट बघत."

"आणि ती बाई?"

"तिचा नवरा म्हणाला तासाभरात होईल. नवरे घाबरून अर्धंच सांगतात, म्हणजे दोन तास आहेत. त्यातली वीस मिनिटं गेली. उरक."

पण वायसर निघेना. हँडल घट्ट धरून धरून बोट सुजलं होतं. मिस्त्रीनं ओढला, पिळला, दातांनी धरून पाहिला. जितकी घाई, तितकं बोट फुगत होतं.

"सोड," ताईनं त्याचा हात ओढून घेतला. "अडलेलं सोडवणं हा माझा धंदा आहे." इंजिनावर सांडलेलं लाल तेल तिनं बोटाला चोळलं, पिशवीतला दोरा सांध्यावर घट्ट गुंडाळला आणि वायसर सावकाश फिरवत पुढे आणू लागली. "कळ सोस. बाया तासन्‌तास सोसतात."

वायसर निघाला, थोडं सालपट घेऊन. तापलेल्या पंपानं मिस्त्रीची बोटं भाजली, तरी त्यानं बोल्ट सोडवला, दुसरा वायसर बसवला, बोल्ट आवळला. सांडलेलं सगळं पुसलं, तेल भरलं. ताईनं चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, एकदा, दोनदा, दहादा. तो रस्त्यावर आडवा पडून बघत होता. थेंब नाही.

"आता दोन्ही हात दाखव."

त्यानं दहाही बोटं पसरली. ताईनं ती खरंच मोजली आणि गाडी सुरू केली.

तासाभरानं गाडी उतरली तेव्हा मागच्या सीटवर ती पहिलटकरीण कण्हत होती, शेजारी तिचा नवरा तिचा हात धरून होता. मागे मिस्त्रीची स्कूटर. रस्त्यावर त्यांचेच मघाचे ठिपके होते, वाळून काळपट झालेले. मिस्त्री प्रत्येकावरून नजर फिरवत होता, यात एखादा ताजा नाही ना. एकही नव्हता. तरी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत त्यानं मान वर केली नाही.