दहा झाकणं आणि मिशीचा पीळ

लेझर मशीन चालवणाऱ्याला सगळं खातं ‘मिशीवाले’ म्हणायचं आणि स्वारी त्यावर खूश असायची. तेल लावून पीळ दिलेली मिशी आणि हाताखाली लेझर वेल्डिंग, माणसाला मिरवायला आणखी काय लागतं? पण नवं मशीन आल्यापासून आठवडाभर स्टीलच्या झाकणांवर, जोडाच्या कडेने, काजळी बसत होती. आज सकाळी मालकांनी सुनावलं: जेवणाच्या सुट्टीपर्यंत सलग दहा झाकणं स्वच्छ निघाली नाहीत, तर मशीन पलीकडच्या खात्यात, म्हणजे मिशीवाल्यांच्या साडूकडे जाणार. साडूने जागा झाडूनसुद्धा ठेवली होती, मेल्याने.

जोर वाढवला तर काजळी उडून जाईल, म्हणून मिशीवाल्यांनी, जोडाला हवा लागू नये यासाठी सोडतात त्या गॅसची तोटी पुरती उघडली. झोत असा गरगरला की बाहेरची हवा आत ओढली गेली आणि जोड आणखी काळा पडला. तोटी पुन्हा पहिल्यासारखी केली, नळी तिरकी केली, भिंगाची काच पुसली, मशीनला हात जोडले. काजळी काही हटेना.

तपासणीच्या टेबलावर त्यांची बायको होती. कामात ती नवऱ्यालाही सोडायची नाही.

“झाकणं स्पिरिटने पुसता ना?”

“पुसतो की!”

“माझ्यासमोर करा बरं.”

त्यांनी झाकण लख्ख पुसलं, समाधानाने मिशीला दोन्हीकडून पीळ दिला आणि त्याच हातमोज्याने झाकण उचललं.

“अहो, मिशीचं तेल! तेच जळतंय तिथे!”

“काहीतरीच काय? कामात मी मिशीला हातच लावत नाही,” मिशीवाले मिशी पिळत म्हणाले.

नवे हातमोजे आले. पहिलं झाकण चकचकीत निघालं, दुसऱ्याला हात वर गेलाच. जित्याची खोड! सुट्टीला वीस मिनिटं उरली.

“भादरूनच टाकू का?” बायकोने विचारलं.

“त्यापेक्षा मशीन गेलेलं...” मिशीवाले दोन पावलं मागे सरले. दारात साडू हातगाडी घेऊन उभा होता.

मग पुन्हा नवे हातमोजे चढले आणि बायको त्यांच्या पाठीशी उभी राहिली. नवऱ्याचा खांदा हलला रे हलला की तीच पुढे हात घालून पीळ द्यायची. “झालं! उचला आता.” अशी दहा झाकणं निघाली, एकाहून एक लख्ख.

मालकांनी ती उलटीपालटी करून पाहिली. मशीन हलणार नाही म्हणाले आणि कामाच्या सूचनांचा कागद तिथेच नवा लिहिला: स्पिरिटने पुसावे. नवे हातमोजे घालावेत. मिशी बायकोने पिळावी.

“आणि मी रजेवर असले तर?” तिने विचारलं.

मालकांनी थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली: त्या दिवशी मशीन बंद.