भैरोबाच्या दिव्याचं तूप

"लंकाबाईच्या तुपात डालडा असतंय," असं झुंबरबाईनं देवळाच्या पायरीवर बायांत सांगितलं. लंकाबाई म्हंजे मीच. बोरी बुद्रुकच्या यात्रेत भैरोबाच्या नंदादीपाला तूप आमच्या घरचं जातंय, माझ्या सासूच्या सासूपासून. त्यो मान शेजारच्या झुंबरबाईच्या डोळ्यात लई दिवस खुपत व्हता. मी पदर खोचला आन् सगळ्यांदेखत म्हणलं, "यात्रेच्या आत शाबीत करते. खोट निघाली तर मान तुमचा."

माझी पुतणी अश्विनी पुण्याला लॅबमधी कामाला व्हती. तिथं एक नवा मायक्रोस्कोप आलेला. दोन लेझर एकाच जागी मारायचे, म्हंजे जिनसेतले बारीक कण थरथरतात. दुधाच्या फॅटची थरथर निराळी, डालड्याची निराळी, आन् त्या थरथरीवरनं चित्र उमटतंय. "काकू, रंगबिंग काही लावावा लागत नाही," ती म्हणली. "आहे तसं तूप द्या. सर गावाला गेलेत, तेवढ्यात बघते."

मी बाटली भरली. पण देवाचं काम, बाटली अशी बोडकी कशी धाडायची? हळदीकुंकू लावलं. तोंडाशी आलेलं तूप त्याच बोटानं आत लोटलं आन् झाकण लावलं.

आठवड्यात फोन. "काकू, तुपात काय घातलंय? नुसता उजेड दिसतोय, बाकी काहीच नाही."

"तुझ्या मशीनीला मोतीबिंदू झाला आसंल," मी म्हणलं.

तिनं खोदून खोदून इचारलं, तवा हळद निघाली. लेझर पडला की हळद सोताच उजळती म्हणं. बिनरंगाच्या मशीनीला मी रंग लावून तूप धाडलंवतं. पोरगी हसून बेजार. मी म्हणलं, "हस तेवढं, पर झुंबरबाईला कळू देऊ नगं."

दुसरी बाटली बिनहळदीची धाडली. मन खात व्हतं, पर धाडली.

यात्रेच्या आदल्या रविवारी पोरगी लॅपटॉप घिऊन सोताच आली. आमचे मालक भाकरी खात व्हते, मी चित्र बघाय बसले. तिनं आवाज बारीक केला. "काकू, यात डालडा आहे. चांगला भरपूर."

माझ्या अंगाची आग झाली. म्हस माझी, विरजण माझं, कढवलं मी. त्या बरणीला दुसऱ्या कुणाचा हात लागत न्हाई. मशीनच फेकून दे, असं म्हणणार, तेवढ्यात बघितलं तर मालक अर्धी भाकर टाकून चपला शोधत व्हते.

"बसा," मी म्हणलं. बसले बिचारे, आन् समदं कबूल केलं.

मागल्या साली त्यांच्या छातीत दुखलं, तवापासनं डॉक्टरनं तूप बंद केलेलं. मी रानात गेले की हे भाकरीवर तूप वरपत व्हते, आन् बरणी भरलेली दिसावी म्हणून वर डालडा. मला राग आला त्यो आला, पर त्याहून भ्या वाटलं. मी दिव्याच्या मानासाठी भांडत फिरते, आन् ह्यो माणूस घरात बसून जिवाशी खेळतोय.

"अवं, मरायचंय का तुमाला? आन् देवाच्या तुपातबी डालडा?"

मालक खाली मान घालून म्हणले, "डॉक्टरनं मला सांगितलंय. भैरोबाला कुठं हार्टचा तरास हाय?"

अश्विनीनं ओढणी तोंडात कोंबली. मी उठले ती तडक झुंबरबाईच्या दारात. शब्द दिलावता, गिळता येत न्हाई.

"यंदापासनं दिव्याला तूप तुमचं," मी म्हणलं.

ती उंबऱ्यापाशी आली. "म्हंजे मिसळलंवतं? कुणी?"

"आमच्यात त्यांचं नाव घेत न्हाईत."

मला वाटलं आता ही गावभर हसणार. झुंबरबाई हसली न्हाई. तशीच आत गेली आन् आपली बरणी उघडून हुंगत बसली.