जटायूची पापणी

मी ब्रश बोलतोय. हसा, हसा! तुमच्या घराचं दार ज्यानं चकचकीत केलं, त्यालाच हसा. जन्मलो तेव्हा चांगला चार बोटं रुंद होतो. डुकराचे राठ केस, लाकडी मूठ, पत्र्याचा कमरपट्टा. शाळेत गेलो तो फक्त शाळेचं दार रंगवायला.

माझा मालक दारं-खिडक्या रंगवणारा. लबाड गडी! हात दारावर आणि डोळा घरातल्या जुन्या चित्रांवर. कुणाकडे गरुड, कुणाकडे शेषनाग. घरमालकीण ओरडायची, "अहो पेंटर, एकच फळी किती वेळ घासताय?"

"काय करू बाई, लाकूड रंग पितंय!"

लाकूड कसलं पितंय, हाच पीत होता, डोळ्यांनी!

मग घरी येऊन उरल्यासुरल्या प्लायवर तेच उतरवायचा. बारीक रेघेसाठी त्यानं बायकोच्या कात्रीनं माझी हजामत केली. कात्री बोथटली म्हणून नवरा-बायकोचं आठवडाभर वाजलं. मी मात्र नवरदेवासारखा सडपातळ झालो! पण रेघ बघावी त्याची. श्वास रोखून खांद्यापासून निघायची, ती शेपटीच्या टोकालाच थांबायची. खोडरबर घरात नव्हतंच. डोळे सगळ्यात शेवटी. बायको समोर बसून "आता बघतोय" म्हणाली, की चित्र पुरं झालं.

एकदा त्यानं कलादालनातल्या प्रदर्शनासाठी पंख तुटलेला जटायू काढला. बायकोला म्हणाला, "हा परत आला, तर यापुढे नुसती दारं."

नेमका मीच घोळ घातला. चित्र न्यायच्या सकाळी डोळा भरताना माझा एक केस सुटला आणि ओल्या रंगात, डोळ्याच्या कडेला चिकटला. म्हातारपण, दुसरं काय! मालक तो नखानं उपटणार, तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, हात लावू नका! आता बघतोय."

दालनात मी मालकाच्या खिशात होतो. चित्रं निवडणाऱ्या परीक्षकांनी चष्मा नाकावर ओढला. "पक्ष्याला पापणी? कुठे शिकलात तुम्ही?"

"दारोदारी, साहेब."

"आणि ही पापणी?"

मालकाच्या घामानं खिसा भिजला, आयती आंघोळ झाली माझी. शेवटी सोबत आलेली बायकोच पुढे झाली. "परक्याच्या लेकीसाठी रावणाशी भिडला तो, साहेब. डोळ्यात पाणी आलं, तर अडवायला काहीतरी नको का?"

परीक्षक पापणीपाशी वाकले. मग शिपायाला म्हणाले, "समोरच्या भिंतीवर लावा. आत येणाऱ्याला आधी हाच दिसू दे."

आता मला टक्कल पडलंय. डब्यातला रंग ढवळतो, नव्या ब्रशांना नावं ठेवतो. मालक मात्र जोरात आहे, सध्या ऐरावत चाललाय. परवा सांगत होता, एक शिकलेले गृहस्थ धूळ समजून जटायूच्या डोळ्यावर फुंकर मारत होते. मारा म्हणावं, खुशाल मारा! तो केस माझा आहे. जागा मिळवायला आख्खं आयुष्य गेलंय, फुंकरीनं उठतोय होय!