अकरा मोठे तलाव

मित्रांनो, मी तलावांची एक जुनी यादी आहे. गोंदियातल्या एका कचेरीत भुवनेश्वरबाबूंच्या हातून माझा जन्म झाला. बाबूंचे अक्षर सुंदर, आणि स्वभाव त्याहून नीटनेटका.

पुढे मला इंटरनेटवर टाकण्याचा हुकूम आला. म्हणजे माझा फोटो काढला. तिरपा. वाचणाऱ्याने मान वाकडी केली की मी सरळ दिसे. कोपऱ्यात बाबूंचा अंगठाही आला होता. बरीच वर्षे मी त्याला शिक्का समजत होते. फोटोत काही शोधता येत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी फिरकले नाही. उत्तम कामाचे प्रशस्तिपत्र मात्र मिळाले. बाबूंना.

मग त्यांनी मला संगणकात ओळीने बसवले. तेव्हा दिसले, माझ्यात 'मोठा तलाव' अकरा वेळा आहे! आमच्याकडे प्रत्येक गावाचा तलाव मोठाच असतो, आणि गावाचे नाव सांगायची गरज कोणाला वाटत नाही. बाबूंनी चहा मागवला आणि एका बटणात दहा तलाव पुसले. मे महिन्यालाही हे जमले नव्हते.

चौथ्या दिवशी कुसुमबाई आल्या. त्यांच्या महिला मच्छीगटाने महिनाभर चिखलात उभे राहून तलावातली बेशरमाची झाडे उपटली होती. आता तलावात सोडायला सरकारकडून माशांची पिल्ले मिळणार होती, पण तलाव यादीत असला तरच.

"बाबू, माहा तलाव कोठी गेला?"

"तो दुबार होता, बाई."

"दुबार? कमरभर उभी राहून आली ना मी त्याच्यात! चाला, तुमीबी उभे राहून पाहा."

बाबूंनी घाईने संगणक सांभाळणाऱ्या दुर्गेश्वरीला बोलावले. तिने जुन्या कागदावरून सगळे तलाव परत आणले. गावोगावी फोन लावून प्रत्येकापुढे गाव लिहिले, प्रत्येकाला इंटरनेटवर स्वतःचा कायमचा पत्ता दिला आणि तो नकाशाशी, पावसाच्या नोंदींशी, मच्छीगटांच्या यादीशी जोडला. जन्मभर एकटी असलेल्या मला एका दुपारी इतके नातेवाईक मिळाले! कुसुमबाईंचा तलाव सातव्या ओळीत बसला.

पिल्लांची गाडी कोहमारा गावच्या नाक्यावर पोचली. पाण्याच्या पिशव्यांत ती फार वेळ तग धरत नाहीत. चालक रामलालने ढाब्यावर विचारले, "भैया, मोठा तालाब किधर है?" चौघांनी चार दिशांना हात केले. चौघेही खरे बोलत होते. रामलालने मोबाइलवर मला उघडले, कुसुमबाईंच्या गटाची सातवी ओळ दाबली, नकाशा उघडला आणि गाडी सुटली.

पुढचे मी त्याच्या खिशातून ऐकले. पिशव्या सुटल्या, पिल्ले पाण्यात पळाली, बायकांनी एकच गलका केला. त्या गलक्यात, कमरभर पाण्यात, हातात पिशवी घेऊन भुवनेश्वरबाबू उभे होते.

"सांगा बाबू, दुबार हाये का?"

"नाई बाई. एकच हाये. अन् लय थंडा हाये."

मित्रांनो, फोटो माशांचे काढा. मला मात्र कोणालाही वाचता-शोधता येईल अशी ठेवा. आणि सारखे दिसले म्हणून कोणाला पुसण्याआधी, एकदा त्या पाण्यात उतरून या.