'बघू' लिहिलेली पानं

वहीतून घसरलेलं ते वाळकं पान – कडेला सुरकुतलेलं, देठाशी मात्र अजून शाबूत – त्यानं चिमटीत धरलं, कुठल्या झाडाचं असावं म्हणून उजेडाकडे केलं, तेवढ्यात खिडकीपलीकडून कुणीतरी विचारलं, "आमच्या गल्लीत पाणी कधी येणार?" आणि मान वर न करताच तो बोलून गेला, "काम चालू आहे, उद्यापर्यंत होऊन जाईल."

पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीवर सव्वीस वर्षं काढल्यावर या वाक्याला डोकं लागत नाही. 'माहीत नाही' म्हणायचं नाही, माणूस उत्तर घेऊनच गेला पाहिजे, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि त्यानं ते इतकं मनावर घेतलं की... जाऊ दे.

वही बायकोची. गच्चीतल्या साठेक कुंड्यांचं दुखणंखुपणं तिनं त्यात लिहून ठेवलेलं. त्यातून चॅटबॉट करायचा, कुणीही झाडाबद्दल विचारावं, त्यानं सांगावं. जाहिराती नाहीत, खर्च पदरचा. योजनेच्या कागदावर पहिलं कलम त्यानं खालून रेघ मारून लिहिलं होतं – विचारणाऱ्याला उत्तर मिळालंच पाहिजे.

"या वयात लोक गुडघे सांभाळतात, आणि तुम्ही यंत्राला बोलतं करायला निघालात!" शेजारच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

"छंद हो, दुसरं काय."

म्हणाला खरा. पण नुसता छंद असता तर तो आठवडाभरात गुंडाळून ठेवला असता. मुलीला कॉम्प्युटरचं कळत होतं, आणि गेला दीड महिना रोज संध्याकाळी ती त्याच्या समोर, त्याच टेबलाशी बसत होती. गेल्या सात वर्षांत ती इतकी कधी बसली नव्हती. बोलायची, नाही असं नाही, पण विचारायची काहीच नाही. नोकरी बदलली तेव्हा कळवलं, भाड्याची खोली बघितली तेव्हा कळवलं – कार्यालयाला अर्ज द्यावा तसं. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दवाखान्यातला तो लांबलचक व्हरांडा, सतरा वर्षांची ती, "बाबा, आई घरी येईल ना?"... आणि तो, हातातले औषधांचे कागद लावता लावता, "येईल की. उद्यापर्यंत होऊन जाईल." होऊन जाईल! पोटच्या पोरीला! आणि उद्या उजाडायच्या आत...

संध्याकाळी ती आली, चपला काढून थेट टेबलाशी बसली आणि त्यानं टाइप केलेलं वाचत राहिली.

"बाबा, तीनशे नोंदी आहेत म्हणालात. इथं दोनशेच आहेत."

"बाकीच्या कामाच्या नाहीत गं. त्यात उत्तरच नाहीये. गाळल्या."

तिनं वही ओढून घेतली. बोट ठेवून, शाळेत वाचायची तसं, मोठ्यानं वाचू लागली. "'पानं का गळतात कळत नाही. बघू.' 'जगेल का, सांगता येत नाही. पाणी कमी करून बघू.' 'आज एक फुटवा. का आला कोण जाणे.'" मग थांबली. "आई तर हीच आहे, बाबा. आणि तुमचं यंत्र सगळ्यांना सांगणार, झाड जगेल म्हणून."

शंभर नोंदी त्यानं स्वतः, चष्मा पुसून पुसून, एकेक करून गाळल्या होत्या, आणि एकदाही हात थबकला नव्हता. लाज वाटली, सरळसरळ लाज.

ते वाळकं पान तिनं उचललं. कुठल्या झाडाचं, हे विचारेल असं त्याला वाटलं.

"आई घाबरली होती का, शेवटी?"

सात वर्षांनी. 'छे, मुळीच नाही' हे तोंडाशी तयारच होतं, घडी घालून ठेवलेलं. जीभ हललीसुद्धा... मी काय करतोय, मी खिडकीवर नाही, समोर माझी मुलगी आहे.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "मी तिला विचारलंच नाही."

ती उठून जाईल म्हणून तो तिच्या चपलांकडे बघत राहिला. ती उठली नाही. पान वहीत ठेवून तिनं कीबोर्ड जवळ ओढला आणि पहिली गाळलेली नोंद टाइप करायला घेतली. पुढं ती आणखी विचारेल की आता कधीच नाही, त्याला सांगता आलं नसतं. तो वही धरून, तिला दिसेल अशी तिरपी करून, बसून राहिला.