बायकांच्या वेळेचं पाणी

सत्तावीस वर्षांनी रतीबा इजिप्तच्या वाळवंटातल्या आपल्या माहेरगावी, बहारियाला आली आणि उतरली ती गावाबाहेरच्या हॉटेलात. थोरल्या बहिणीने, झहियाने, तिच्यासाठी खोली झाडून ठेवली होती, बदक शिजवलं होतं. ती हॉटेलात उतरल्याचा निरोप आला तेव्हा झहिया भरल्या पातेल्याकडे नुसती बघत राहिली. मग डोक्यावरून काळी ओढणी घेऊन हॉटेलकडे निघाली.

निळ्या फरशीच्या हौदाकाठी रतीबा बसली होती. अंगाने भरलेली, गुडघ्यांना पट्टे. दोघींनी मिठी मारली, पण हात कुठे ठेवावेत ते दोघींनाही कळेना.

"डॉक्टरने गरम पाण्यात बसायला सांगितलंय," रतीबा म्हणाली. "इथलं छान आहे. पण याला वासच नाही गं."

"वास हवा तर आपल्या गरम पाण्याच्या विहिरीवर चल. सूर्य मावळेपर्यंत बायकांची वेळ आहे."

"अजून?"

"मग काय, तू गेलीस म्हणून बदलणार होती?"

शेजाऱ्याच्या पिकअपमधून दोघी खजुराच्या बागांपलीकडे गेल्या. वाफ दिसायच्या आधीच गंधकाचा वास आला, आणि रतीबाने बहिणीचं मनगट घट्ट धरलं. जाड पाइपातून तांबूस पाणी सिमेंटच्या टाकीत धबाधबा पडत होतं. झहिया झग्यासकट गळ्यापर्यंत उतरली. रतीबाने पाऊल बुडवलं आणि किंचाळून वर घेतलं.

"आई गं! एवढं गरम कधी होतं?"

"होतंच. अलेक्झांड्रियाच्या समुद्राने तूच गार पडलीस."

रतीबा हसली, काठावर टेकली. "तिकडे दर हिवाळ्यात गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून डोळे मिटते मी. पण बादली ती बादलीच." मग आवाज उतरला. "बाबा गेले ते मला वर्षाने कळलं. तेही परक्याकडून."

ट्रक ड्रायव्हरबरोबर पळून गेलेल्या बहिणीचं नावही त्यांच्या भावाला, अब्दुल मौलाला, सहन होत नसे. झहिया आजवर सगळं त्याच्यावरच ढकलत आली होती.

"तुझा नंबर माझ्याकडे होता," ती म्हणाली. "तो नको म्हणाला आणि मी गप्प बसले. एक फोन नाही केला."

रतीबा उठली. चपला शोधू लागली. तिला थांबवायला झहियाला तोंड नव्हतं.

एक चप्पल पायात सरकवून रतीबा थांबली. "बाबा माझं नाव तरी काढायचे का?"

"शेवटी शेवटी माझं नाव विसरले होते. मलाच रतीबा म्हणायचे. मीही ओ द्यायचे."

रतीबाने चप्पल भिरकावली आणि पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, छाती. चटका बसत होता, ओठ दाताखाली होता.

"पाठ चोळ," ती म्हणाली. "जोरात. आणि एक शब्द बोलू नकोस."

झहिया चोळत राहिली. तळव्याखाली ती पाठ हुंदक्यांनी हलत होती.

दुसऱ्या दिवशी दोघी बाबांच्या कबरीवर जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी रतीबा अलेक्झांड्रियाला परतायला कैरोच्या बसमध्ये बसली. पुन्हा कधी येशील, हे झहियाने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. बस गेली, धूळ खाली बसली, तरी झहिया कैरोच्या रस्त्याकडे तोंड करून उभीच होती.