रिकामी मांडलेली थाळी

मित्रांनो, पिठाच्या डब्यावर तुम्हाला जे झाकण दिसते, ते झाकण नाही. मी एक जुनी थाळी आहे. पांढऱ्या इनॅमलची, निळ्या काठाची. काठ टवके उडून आता गंजला आहे.

कारखान्यातले मला काही आठवत नाही. आठवते ती कोल्हापूरजवळची छावणी. मोठ्या लढाईत घरदार गमावलेली पोलंडची माणसे तिथे राहत. त्यांतल्या वांदा नावाच्या मुलीने दोन थाळ्या मागून घेतल्या. एक तिची, एक तिच्या भावाची, यानेकची. येताना इराणात तो तापाने पडला होता. त्याला दवाखान्यात ठेवून बाकीचे पुढे आले. तो मागून येणार होता. मी त्याची थाळी.

यानेक आला नाही. छावणी उठली. वांदाने तिथल्याच कोठीवर काम करणाऱ्या गुणवंतरावांशी लग्न केले. लग्नात तिचे नाव विनता ठेवले आणि आम्ही जबलपुरात, गोरखपूर भागातल्या दोन खोल्यांत आलो. पुढे राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, तेव्हा तिच्या नागपूरकडच्या सासूबाई भानुमतीबाई कायमच्या मुलाकडे राहायला आल्या.

"माझं गाव दुसऱ्या राज्यात गेलं वं," त्या म्हणायच्या.

"माझं तर लढाईनंतर दुसऱ्या देशात गेलं, आई," विनता म्हणायची. मग दोघी हसायच्या.

पावसाळ्यात जवळच्या कुंडम गावाकडच्या बाया रानातली अळंबी विकायला आणत. जबलपुरात तिला पिहरी म्हणतात. विनता ती वाळवून ठेवी. नाताळच्या आदल्या दिवशी आंबवलेला कोबी आणि ती पिहरी भरून करंज्या करी आणि उकळत्या पाण्यात सोडी.

"काहून वं, करंजी पाण्यात बुडवून राहिली? तेल संपलं का?"

"आमच्याकडे अशाच करतात, आई."

"मंग तुमच्याकडे दिवाळी कशी होत असंल!" असे म्हणत भानुमतीबाई एक संपायच्या आत दुसरी उचलत.

पहिली चांदणी दिसली की सगळे जेवायला बसत. ओळीच्या शेवटी मी असे, रिकामी. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी त्या दिवशी एक थाळी मांडायची, ही विनताच्या माहेरची रीत. पण मला पुसताना ती काठावरून बोट फिरवी, तेव्हा मला कळे, ती कोणाची वाट बघते आहे.

भानुमतीबाईंना ते बघवत नसे. एकदा त्यांनी विचारलेच, "कोणाचं पान हे?"

"भावाचं."

"काही खबरबात?"

विनताने नकारार्थी मान हलवली.

पुढच्या नाताळात ती दुपारी बाजारात गेली होती. भानुमतीबाईंनी अंघोळ केली. केलेले सगळे माझ्यावर वाढले, वर दहीभात, काळे तीळ. मला मागच्या भिंतीवर ठेवून त्यांनी हात जोडले. माझ्यात अन्न पडले ते त्या दिवशी, पहिल्यांदा. मला फार आनंद झाला, मित्रांनो. मला काय ठाऊक!

कावळा आला आणि करंजी घेऊन उडाला. विनता दारात उभी होती. इतकी वर्षे मराठी घरात राहून त्याचा अर्थ तिला कळत होता.

"लगेच शिवला, बाई," भानुमतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पोचलं त्याले. आता तू मोकळी हो."

विनताने मला धुतले आणि पिठाच्या डब्यावर ठेवले. त्यानंतर घरात कोबी आंबला नाही, पिहरी वाळली नाही.

वर्षे गेली. गुणवंतरावही गेले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुरलीधर रिक्षावाल्याने हाक मारली, "दीदी! ये साहब आपके देस के हैं. किला देखने आए थे. सबेरे से पूछ रहे हैं, हमारे तरफ का खाना कहाँ मिलेगा. सारे होटल घुमा दिए. फिर मैंने कहा, चलो, अपनी दीदी के यहाँ!"

मागे एक तरुण उभा होता. तो तिच्या पोलिश भाषेत संकोचून म्हणाला, आजच्या दिवशी एकट्याने जेववेना.

घरात वरण-भात, पोळ्या आणि वांग्याची भाजी होती. बाकी काही करायला वेळ नव्हता, त्याची गाडी निघणार होती. विनताने स्टीलचे ताट वाढले. तो सगळे जेवला. डोळ्यांत पाणी आले ते तिखटाने, असे म्हणाला. निघताना म्हणाला, "आई आज माझी रिकामी थाळी मांडून बसली असेल."

रिक्षा गेली. विनताने मला डब्यावरून उचलले, पीठ झटकले आणि ओळीच्या शेवटी मांडले. पाहुणा येऊन गेला होता, आणि मी डब्यावर होते.

भानुमतीबाई भिंत धरत आल्या. "माझ्यानं चुकलंच का वं?"

"तुम्ही मायेनंच केलं, आई. पण मला अजून वाट बघायची होती."

भानुमतीबाई तिच्याजवळ खाली बसल्या.

पुढे दर नाताळला मी मांडली गेले. आज दोघीही नाहीत. घरातल्या मुलांना मी पुन्हा झाकणच वाटते. मित्रांनो, मला घासूनपुसून फळीवर ठेवा, असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या घरी एखादी थाळी रिकामी मांडलेली दिसली, तर मायेनेसुद्धा लगेच वाढू नका. आधी विचारा, कोणाची वाट बघता? आणि जमले तर थोडा वेळ शेजारी बसा.